२० जुलै १९४४ ला हिटलर मेला असता तर युद्ध तिथंच थांबलं असतं का?

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. स्पर्धा परीक्षेसाठी दुसऱ्या महायुद्धाचं प्रकरण वाचताना २० जुलैच्या बॉम्बचा उल्लेख दोन ओळींत उरकलेला दिसला आणि तेव्हापासून एकच विचार डोक्यात आहे, असं तुम्ही लिहिलंय: बॉम्बची ती बॅग टेबलाच्या जाड पायापलीकडे सरकवली गेली नसती, तर महायुद्ध तिथंच संपलं असतं का? क्लासमधले सर म्हणाले, व्यक्तीने काही होत नाही, परिस्थितीच इतिहास घडवते. मित्राचं म्हणणं नेमकं उलटं, की सगळं त्या एका माणसामुळे झालं. दोघांपैकी खरं कोण, हे तुम्हाला हवंय.

मी तीसेक वर्षं महाविद्यालयात आधुनिक युरोपचा इतिहास शिकवला. हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक तुकडीत निघायचा आणि मला तो कधीच पोरकट वाटला नाही. 'इतिहासात जर-तरला जागा नाही' असं सांगून मुलांना गप्प करणारे शिक्षक मी पाहिलेत. मला ते पटत नसे. अमुक घटना महत्त्वाची होती असं आपण म्हणतो, तेव्हा ती घडली नसती तर पुढचं वेगळं झालं असतं हेच मनात धरलेलं असतं. मनात धरलंच आहे, तर ते उघड मांडून तपासावं.

तपासताना मी दोन गोष्टी पाळायला सांगत असे. पहिली म्हणजे प्रश्न फोडून घ्यायचा. 'इतिहास बदलला असता का' या एका वाक्यात तीन प्रश्न दडलेत: युद्ध कोण जिंकलं असतं, ते कधी संपलं असतं, आणि तोवर किती माणसं मेली असती. पहिल्याचं उत्तर 'फरक पडला नसता' असं आलं, म्हणजे तिसऱ्याचंही तेच येतं असं अजिबात नाही. तुमचे सर पहिल्याचं उत्तर देतायत, मित्र तिसऱ्याचं. म्हणून ते भांडण मिटत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे स्फोटाचा क्षण सोडून दुसऱ्या दिवशीच्या सकाळचा विचार करायचा. सकाळी आठ वाजता हुकमावर सही कोण करतंय? तो हुकूम कोण पाळतंय? समोरचा शत्रू काय मान्य करायला तयार आहे? या तीन प्रश्नांची उत्तरं कागदावर लिहिता आली, तर बाकीचं बरंचसं आपोआप उलगडतं. आणि ही उत्तरं तारखेनुसार बदलतात. १९३९ ची सकाळ वेगळी, १९४४ ची वेगळी. त्यामुळे 'हुकूमशहा हटवल्याने इतिहास बदलतो का' याचं सरसकट उत्तर देणाऱ्यावर मी विश्वास ठेवत नाही.

खुद्द हिटलरचं यावर मत काय होतं, ते नोंदलेलं आहे. २२ ऑगस्ट १९३९ ला, पोलंडवर हल्ला करण्याच्या दहा दिवस आधी, त्याने सेनापतींना ओबरसाल्झबर्गला बोलावलं होतं. सगळं माझ्यावर, माझ्या अस्तित्वावर अवलंबून आहे, असं तो तिथे म्हणाला. जर्मन जनतेचा एवढा विश्वास पुन्हा कुणाला मिळणार नाही, आणि एखादा गुन्हेगार किंवा माथेफिरू मला कधीही संपवू शकतो, म्हणून युद्ध आत्ताच व्हायला हवं, असा त्याचा युक्तिवाद होता. हे वाचल्यावर 'व्यक्तीने काही होत नाही' हे वाक्य जरा सांभाळून वापरावं लागतं. युद्धाची तारीख ठरवताना आपण मरू शकतो हा हिशेब करणारा माणूस निर्णयाच्या केंद्रस्थानी बसला होता.

त्यानंतर अकरा आठवड्यांनी तसा प्रयत्न झालाही. तो करणारा माथेफिरू नव्हता. गेओर्ग एल्झर नावाचा तो सुतार होता. म्युनिकच्या ब्युर्गरब्रॉयकेलर या बिअर हॉलमध्ये हिटलर दरवर्षी ८ नोव्हेंबरला जुन्या साथीदारांसमोर भाषण करायचा. एल्झरने तीसहून अधिक रात्री त्या हॉलमध्ये लपून काढल्या, व्यासपीठामागचा खांब हाताने पोखरला, त्यात स्वतः बनवलेला घड्याळाचा बॉम्ब बसवला. वेळ लावली रात्री ९ वाजून २० मिनिटांची. त्या वर्षी धुक्यामुळे विमान मिळणार नव्हतं, हिटलरला रेल्वेने बर्लिनला परतायचं होतं, म्हणून भाषण लवकर सुरू झालं आणि ९ वाजून ७ मिनिटांनी संपलं. बॉम्ब ठरल्या वेळी फुटला. आठ माणसं मेली, साठहून अधिक जखमी झाली. हिटलर तेरा मिनिटांपूर्वी निघून गेला होता.

ती ९ नोव्हेंबर १९३९ ची सकाळ मनात उभी करा. पोलंड पडलंय, पण फ्रान्स शाबूत आहे. रशियाशी करार आहे. पश्चिमेवर नोव्हेंबरमध्येच हल्ला करायचा हिटलरचा हुकूम आहे, पण सेनाप्रमुख ब्राउखित्श आणि त्याचा चीफ ऑफ स्टाफ हाल्डर यांना तो आत्मघात वाटतोय. वारस म्हणून हिटलरने १ सप्टेंबरलाच हवाईदलप्रमुख ग्योरिंगचं नाव जाहीर केलेलं आहे, आणि हा ग्योरिंग ऑगस्टमध्ये एका स्वीडिश मध्यस्थामार्फत ब्रिटनशी बोलणी चालवत होता. विषारी वायूने यहुद्यांचा संहार करणाऱ्या छावण्या अजून उभ्या राहिलेल्या नाहीत, रशियावरची चढाई दीड वर्ष दूर आहे. इथे एक माणूस गेला असता तर पुढचं फार मोठं चित्र बदललं असतं, असं माझं मत आहे आणि मी ते ठामपणे मांडतो.

पण ते चित्र चांगलंच असतं का? हे परिस्थितीवर अवलंबून होतं. पोलंडमध्ये कत्तली तेव्हाच सुरू झाल्या होत्या. ग्योरिंग काही साधुपुरुष नव्हता. कदाचित तडजोडीचा तह झाला असता आणि पोलंड जर्मनी-रशियाच्या टाचेखाली दशकानुदशकं तसाच राहिला असता. नाझी राजवट टिकलीही असती. तरीही १९४१ नंतर ज्या प्रमाणावर माणसं मारली गेली, त्यासाठी हिटलरचीच इच्छाशक्ती आणि त्याचाच शब्द लागत होता, असं मला इतक्या वर्षांच्या वाचनानंतर वाटतं. एल्झरने चौकशीत सांगितलं होतं की आणखी मोठा रक्तपात टाळायला त्याने हे केलं. तो सुतार होता, पण त्या शरद ऋतूत पुढचं त्याला जेवढं दिसलं, तेवढं फार थोड्या मुत्सद्द्यांना दिसलं.

आता तुमच्या तारखेकडे येतो.

२० जुलै १९४४, दुपारी १२ वाजून ४२ मिनिटं, पूर्व प्रशियातलं रास्टेनबर्गजवळचं मुख्यालय. हिटलरच्या बैठकीला बॅगेत बॉम्ब घेऊन आलेल्या कर्नल श्टाउफेनबर्गने ट्युनिशियात उजवा हात, डाव्या हाताची दोन बोटं आणि एक डोळा गमावला होता. उरलेल्या तीन बोटांनी स्फोटकांची कळ दाबायची होती. मध्येच दारावर कुणीतरी आलं, त्यामुळे दोनपैकी एकाच पुडक्याची कळ दाबून झाली. दुसरं पुडकं बॅगेत ठेवलंच गेलं नाही. बैठक लाकडी बराकीत होती, खिडक्या उघड्या होत्या. एका अधिकाऱ्याच्या पायात बॅग येत होती म्हणून त्याने ती टेबलाच्या जाड आधारापलीकडे सरकवली. चार जण मेले. हिटलर वाचला.

तो मेला असता तर? बर्लिनमध्ये कटात सामील जर्मन सेनाधिकाऱ्यांची 'वाल्किरी' नावाची योजना तयार होती: राखीव सेनेने राजधानी ताब्यात घ्यायची, एसएस या नाझींच्या सशस्त्र संघटनेच्या लोकांना अटक करायची, निवृत्त सेनापती बेक राष्ट्रप्रमुख, माजी महापौर ग्योर्डेलर चान्सलर. ही योजना हवेतली नव्हती. पॅरिसमध्ये तिथला जर्मन लष्करी प्रमुख जनरल श्ट्युल्पनागेलने त्या संध्याकाळी बाराशेच्या आसपास एसएस आणि सुरक्षा सेवेचे लोक खरोखर पकडून डांबले, फारशी गोळीबारी न होता. बर्लिनमध्ये पारडं फिरलं ते एका टेलिफोनमुळे. पहारा बटालियनचा मेजर रेमर प्रचारमंत्री गोबेल्सला पकडायला गेला. गोबेल्सने त्याला फोन जोडून दिला आणि पलीकडून हिटलरचा आवाज आला. तिथून कट ढासळला. रात्रीच श्टाउफेनबर्ग आणि तिघांना युद्धखात्याच्या आवारात गोळ्या घातल्या.

त्या आवाजात एवढी ताकद कुठून आली, हे तुमच्या सरांना जरूर सांगा. ऑगस्ट १९३४ पासून प्रत्येक जर्मन सैनिकाने शपथ घेतली होती ती देशाच्या किंवा राज्यघटनेच्या नावाने नव्हे, ॲडॉल्फ हिटलर या माणसाच्या नावाने. दहा-दहा वर्षं ती शपथ गळ्यात बांधलेले सेनापती मनातून विटलेले असूनही हलत नव्हते. पश्चिम आघाडीचा फील्ड मार्शल क्लूग कटवाल्यांच्या बाजूने झुकलेला होता. हिटलर जिवंत आहे हे कळताच त्याने हात झटकले. म्हणजे मृत्यूने नुसती एक खुर्ची रिकामी झाली नसती, लाखो लोकांना बांधून ठेवणारी गाठ सुटली असती. परिस्थिती परिस्थिती म्हणतात, तिचाच एक भाग ही गाठ होती आणि ती एका माणसाच्या श्वासावर टिकून होती.

आता दुसरी बाजू, तितक्याच गांभीर्याने. त्या सकाळी खुर्चीवर कायद्याने हक्क ग्योरिंगचा होता, बळ हिमलरच्या एसएसचं होतं, आणि राखीव सेना कटवाल्यांकडे आली असती. तिघांत लढाई जुंपली असती हे बहुधा निश्चित. समोर दोस्तराष्ट्रांनी जानेवारी १९४३ मध्ये कासाब्लांकाला बिनशर्त शरणागतीची अट जाहीर केलेली होती. ग्योर्डेलरसारख्यांच्या मनात मात्र अजून ऑस्ट्रिया आणि पूर्वेकडच्या जुन्या सीमा राखण्याच्या कल्पना होत्या, आणि कटातल्या अनेकांना पश्चिमेशी तह करून पूर्वेत लढत राहायचं होतं. हे लंडन-वॉशिंग्टनने मान्य केलं नसतं. मॉस्कोने तर विचारच केला नसता, कारण २२ जूनपासूनच्या रशियन चढाईत जर्मनीची मधली आघाडी अक्षरशः नाहीशी झाली होती.

त्यामुळे युद्ध कोण जिंकलं असतं, या पहिल्या प्रश्नावर तुमचे सर बरोबर आहेत. जुलै १९४४ मध्ये तो निकाल लागलेला होता. कधी संपलं असतं, यावर माझं उत्तर 'बहुधा लवकर', पण किती लवकर हे क्लूग काय करतो, हिमलर किती दिवस टिकतो, रशियन फौजा विस्तुला नदीवर थांबतात की पुढे येतात, यावर होतं. युरोपची फाळणी नेमकी कोणत्या रेषेवर झाली असती, हेही त्याच गोष्टींवर. तिथे मी हात वर करतो.

कटवाल्यांनाही हे कळत होतं. श्टाउफेनबर्गने विचारलं होतं की नॉर्मंडीत दोस्तांच्या फौजा उतरल्यावर आता या प्रयत्नाला अर्थ आहे का. कटाचा दुसरा सूत्रधार, पूर्व आघाडीवरचा सेनाधिकारी ट्रेस्को, याने निरोप पाठवला: काहीही होवो, प्रयत्न झालाच पाहिजे, व्यावहारिक उपयोगाचा मुद्दा आता उरलेला नाही, जगापुढे आणि इतिहासापुढे हे पाऊल उचललं गेलं हे महत्त्वाचं. हाच ट्रेस्को १३ मार्च १९४३ ला हिटलरच्या विमानात दारूच्या बाटल्यांच्या पार्सलमधून बॉम्ब चढवण्यात यशस्वी झाला होता. तो बॉम्ब फुटला नाही. बहुधा थंडीने दगा दिला.

आता ज्या उदाहरणावर मी वर्गात सगळ्यात जास्त वेळ घालवत असे, ते. इथे जर-तर करावंच लागत नाही, कारण युद्ध चालू असताना हुकूमशहा खरोखर हटवला गेला.

१० जुलै १९४३ ला दोस्तांच्या फौजा सिसिलीत उतरल्या. १९ तारखेला रोमवर पहिल्यांदा बॉम्बवर्षाव झाला. २४ च्या संध्याकाळी फॅसिस्ट पक्षाची महासमिती बसली आणि पहाटे पहाटे पक्षातलाच ज्येष्ठ नेता दिनो ग्रांदीचा मुसोलिनीविरुद्धचा ठराव १९ मतांनी मंजूर झाला. बाजूने मत देणाऱ्यांत मुसोलिनीचा जावई चिआनोही होता. २५ जुलैला राजा व्हित्तोरिओ इमान्युएलेने मुसोलिनीला भेटीला बोलावलं, पदावरून काढलं, आणि बाहेर पडताच त्याला ॲम्ब्युलन्समध्ये बसवून नेलं. वीस वर्षांहून जुनी राजवट एका रात्रीत कोसळली, पक्षाने साधा प्रतिकारही केला नाही. लोक रस्त्यावर नाचले, भिंतींवरची चिन्हं फोडली. तुमचा मित्र इथे म्हणेल, बघा, एक माणूस गेला आणि सगळं गेलं.

पण दुसऱ्या दिवशीची सकाळ बघा. नवा पंतप्रधान मार्शल बादोल्यो आदल्या रात्रीच रेडिओवर म्हणाला होता, युद्ध चालूच राहील. त्याला जर्मनांना झुलवत ठेवून गुपचूप दोस्तांशी बोलायचं होतं. या लपाछपीत पंचेचाळीस दिवस गेले. त्या दिवसांत जर्मन डिव्हिजनांवर डिव्हिजना ब्रेनर खिंडीतून इटलीत उतरल्या. ३ सप्टेंबरला शस्त्रसंधीवर सही झाली, ८ ला ती जाहीर झाली, आणि ९ च्या पहाटे राजा आणि बादोल्यो रोम सोडून पळाले. लाखोंचं इटालियन सैन्य जागोजागी हुकमाची वाट पाहत बसलं. जर्मनांनी त्यांची शस्त्रं काढून घेतली आणि सहा लाखांहून अधिक सैनिक रेल्वेच्या डब्यांत भरून छावण्यांत नेले. १२ सप्टेंबरला मुसोलिनीला डोंगरावरच्या कैदेतून सोडवून उत्तरेत बाहुल्या सरकारचा प्रमुख म्हणून बसवलं. १६ ऑक्टोबरला रोममध्ये यहुद्यांची धरपकड झाली. हजाराहून अधिक लोक आउश्वित्झच्या मृत्युछावणीत पाठवले गेले, परतले सोळा. चिआनोला त्या एका मतासाठी जानेवारी १९४४ मध्ये व्हेरोनात गोळ्या घातल्या. इटलीतली लढाई संपली २ मे १९४५ ला, म्हणजे मुसोलिनीला हटवल्यानंतर एकवीस महिन्यांनी.

असं का झालं? राजाकडे अटकेची योजना मिनिटामिनिटाची होती, त्यानंतरची जवळजवळ नव्हतीच. पोकळी निर्माण झाली की ती भरायला जो तयार असतो तो भरतो, आणि त्या उन्हाळ्यात तयार होते ते जर्मन. हटवण्याचं धाडस आणि हटवल्यानंतरची तयारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि माणसं पहिल्या गोष्टीच्या प्रेमात पडून दुसरी विसरतात. श्टाउफेनबर्ग-ट्रेस्कोची योजना मला म्हणूनच मोठी वाटते. त्यांनी 'वाल्किरी'चे हुकूम टाइप करून ठेवले होते. त्यांना सकाळ दिसत होती.

जपानचं उदाहरण थोडक्यात. सायपान बेट पडल्यावर १८ जुलै १९४४ ला, तुमच्या बॉम्बच्या दोनच दिवस आधी, तोजो पायउतार झाला. पंतप्रधान, युद्धमंत्री आणि लष्करप्रमुख अशी तिन्ही पदं त्याच्याकडे होती, म्हणून बाहेरच्यांना तो जपानचा हिटलर वाटे. तो गेला, कोइसो आला, आणि युद्ध आणखी तेरा महिने चाललं. कारण तिथे निर्णय लष्कर, नौदल आणि दरबार यांच्या साट्यालोट्यातून होत होते. तोजो त्या यंत्राचा मोठा भाग होता, पण मालक नव्हता. त्यामुळे 'हुकूमशहा' हा शब्द ऐकला की आधी बघायचं, निर्णय खरंच त्याच्या हातात आहेत का.

आणि एक उदाहरण खुद्द नाझींच्या मनातलं. १७६२ च्या जानेवारीत रशियाची सम्राज्ञी एलिझाबेथ वारली, गादीवर आलेला तिसरा पीटर प्रशियाच्या फ्रेडरिकचा चाहता निघाला, त्याने लगेच तह केला आणि बुडता प्रशिया वाचला. एप्रिल १९४५ मध्ये बर्लिनच्या बंकरमध्ये याच गोष्टीचा आधार घेतला जात होता. १२ एप्रिलला रूझवेल्ट वारल्याची बातमी आली तेव्हा गोबेल्सला वाटलं, चमत्कार झाला. काहीही बदललं नाही. १७६२ मध्ये युद्ध ही राजघराण्याची मर्जी होती, मर्जी बदलली की युद्ध संपायचं. १९४५ मध्ये अमेरिकेचा निर्णय संसद, लष्कर, जनता आणि तीन देशांच्या करारांत रुजलेला होता. ट्रूमनने दुसऱ्या दिवशी सकाळी तेच हुकूम पुढे चालवले. एकाच व्यक्तीभोवती सगळं गुंडाळलेलं राज्य तिच्या मृत्यूने हादरतं, संस्थांवर उभं असलेलं हादरत नाही. तुमच्या सरांचा सिद्धान्त दुसऱ्या प्रकारच्या राज्याला जास्त लागू आहे. हुकूमशाही ही पहिल्या प्रकारची असते.

दोन अमेरिकी अर्थशास्त्रज्ञांनी १८७५ ते २००४ या काळातले राष्ट्रप्रमुखांवरचे हल्ले तपासले. जे हल्ले यशस्वी झाले आणि जे थोडक्यात चुकले, त्यांची तुलना केली, कारण गोळी लागणं-चुकणं बऱ्याचदा नशिबावर असतं. हुकूमशहा मेल्यावर लोकशाहीकडे वळण्याची शक्यता हल्ला फसल्याच्या तुलनेत वाढते, असं त्यांना दिसलं. लोकशाही देशांत तसा परिणाम दिसला नाही. मी आकड्यांच्या आधारे इतिहास शिकवणारा नाही, पण वर्षानुवर्षं वर्गात जे सांगत होतो त्याच्याशी हे जुळतं.

विरोधी बाजूचा एक मुद्दा तुम्हाला वाचनात भेटेल, म्हणून सांगून ठेवतो. ब्रिटिशांच्या गुप्त संघटनेनेही १९४४ मध्ये हिटलरला त्याच्या डोंगरावरच्या घरी मारण्याची योजना आखली होती. ती बारगळली. त्यांच्यातच एक मत असं होतं की हा माणूस लष्करी चुका इतक्या करतोय की तो जिवंत राहणं आपल्या फायद्याचं आहे, आणि मारला तर हुतात्मा होईल. १९१८ नंतर जर्मनीत 'आपण हरलो नव्हतो, घरभेद्यांनी पाठीत सुरा खुपसला' ही दंतकथा पसरली होती. तीच पुन्हा जन्मली असती, ही भीती खोटी नव्हती. तो टेलिफोन घेणारा रेमर युद्धानंतर उजव्या पक्षात शिरून कटवाल्यांना देशद्रोही म्हणत फिरला. १९५२ मध्ये ब्राउनश्वाइगच्या न्यायालयाने त्याला त्याबद्दल दोषी ठरवलं. हिटलर कटवाल्यांच्या हातून मेला असता, तर असे किती रेमर उभे राहिले असते? या मुद्द्याला वजन आहे. तरी मी शेवटी तो बाजूला ठेवतो, आणि का ते वरच्या तिसऱ्या प्रश्नात, किती माणसं मेली असती यात, आहे.

जर्मन सैन्यातले एकूण मृत्यू सुमारे ५३ लाख धरले जातात. त्यांतले जवळपास निम्मे जुलै १९४४ नंतरचे आहेत. पाच-सहा वर्षांच्या युद्धातले निम्मे मृत्यू शेवटच्या साडेनऊ महिन्यांत. त्याच महिन्यांत वॉर्सा उठावात दीड लाखाहून अधिक नागरिक मेले, पोलंडमधल्या लोड्झच्या बंदिस्त वस्तीतले साठ हजारांहून अधिक यहुदी ऑगस्टमध्ये आउश्वित्झला गेले, ड्रेस्डेनमध्ये २५ हजारांपर्यंत माणसं जळाली, आणि हिवाळ्यात छावण्या रिकाम्या करताना कैद्यांना बर्फातून चालवत मारलं. ॲन फ्रँक आणि तिच्या घरच्यांना ॲमस्टरडॅममध्ये पकडलं ते ४ ऑगस्टला, बॉम्बनंतर पंधरा दिवसांनी.

हे सगळे वाचले असते, असं मी म्हणत नाही. हंगेरीतून चार लाखांहून अधिक यहुदी आउश्वित्झला पाठवण्याचं काम ९ जुलैलाच उरकलं होतं. त्यांच्यासाठी २० तारीख उशिराचीच होती. यंत्र हिमलरच्या हातात काही आठवडे तरी चाललं असतं. कटातही सगळे निष्कलंक नव्हते. आर्थर नेबे नावाचा एक सहभागी रशियात कत्तली करणाऱ्या पथकाचा प्रमुख राहिला होता. पण ३० एप्रिल १९४५ ला हिटलरने आत्महत्या केल्यावर, त्याने शेवटी वारस नेमलेल्या नौदलप्रमुख ड्योनित्झने आठवड्याभरात शरणागती पत्करली, हे खरोखर घडलेलं आहे. तेव्हा बर्लिन पडत होतं हे खरं. तरी हरलेलं युद्ध ताणायला तो एक माणूस लागत होता, हे त्या आठवड्यात दिसलं. म्हणून 'काही फरक पडला नसता' हे वाक्य मला सहन होत नाही. नकाशावर कदाचित थोडाच पडला असता. घराघरांत पडला असता.

उत्तरपत्रिकेत लिहायची वेळ आली तर 'व्यक्ती की परिस्थिती' असा सामना लावू नका. तारीख धरा, वारस कोण ते सांगा, सैन्य कुणाच्या शब्दावर चालतं ते सांगा, शत्रूच्या अटी सांगा, आणि निकाल, कालावधी, जीवितहानी यांचं उत्तर वेगवेगळं द्या. १९३९ आणि १९४४ शेजारी शेजारी ठेवलेत तर परीक्षकाला तुमचा विचार लगेच दिसेल.

शेवटी एक नाव, जे तुमच्या पुस्तकात बहुधा नसेल. मुसोलिनी गेल्यावर जी लढाई संपायला हवी होती आणि संपली नाही, त्या लढाईत आपल्याकडचीही माणसं होती. रायगडमधल्या माणगावचे नाईक यशवंत घाडगे, पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीचे. १० जुलै १९४४ ला, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, त्यांच्या तुकडीतले बाकी सगळे मशीनगनच्या माऱ्यात मेले किंवा जखमी झाले. ते एकटे त्या ठाण्यावर धावून गेले. काडतुसं बदलायला वेळ नव्हता म्हणून बंदुकीच्या दस्त्याने शेवटच्या दोघांना पाडलं, आणि लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी तिथेच पडले. वय बावीस. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, माणगावात त्यांचा पुतळा आहे. श्टाउफेनबर्गचा बॉम्ब त्यानंतर दहा दिवसांनी फुटला.

त्याच रेजिमेंटचे, नगर जिल्ह्यातले नामदेव जाधव ९ एप्रिल १९४५ ला सेनिओ नदीच्या काठी होते. जखमी साथीदारांना खोल पाण्यातून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून त्यांनी ओढत अलीकडे आणलं, मग परत जाऊन मशीनगनची ठाणी हातबॉम्बने उडवली, आणि बांधावर उभं राहून आपली युद्धघोषणा देत मागच्यांना बोलावलं. ते वाचले, त्यांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याच ९ एप्रिलला दाखाऊच्या छावणीत, साडेपाच वर्षं कैदेत ठेवलेल्या गेओर्ग एल्झरला गोळी घालून मारलं. हिटलर त्यानंतर आणखी एकवीस दिवस जिवंत होता.